फिल्टरचा मळ

माझ्या बायकोला, पुष्पाला, स्वच्छतेचं वेड आहे असं म्हटलं तर वेड हा शब्द लहान पडेल. चहाच्या कपावर माशी बसलेली दिसली तर ती कप तीनदा विसळते, आणि दिसली नाही तर बसून गेली असेल या संशयाने विसळते. मी सारी उमर कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढली, कान अर्धे गेले, पण मोरीत भांडं आपटलं की मला बरोबर ऐकू येतं. त्यात कानबाईचा सण आला की विचारूच नका. श्रावणातल्या त्या रविवारी देवी घरात बसायची, म्हणून आदल्या आठवड्यात आमच्या उधन्याच्या गल्लीत घरोघरी भिंतींना चुना लागतो, पितळेला चिंच लागते, आणि पाण्याचे ड्रम, पिंपं, हंडे रिकामे होऊन दारात उपडे पडतात. आम्ही खान्देशातून सुरतेला आलो ते हे सगळं बरोबर घेऊनच आलो.

यंदा शनिवारी तिने माशांचा टँकही धुतला.

त्या टँकची हकिकत आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, मासेच ते, मेले तर मेले. भूपेंद्र आमचा एकुलता एक. कतारगामच्या एका कारखान्यात हिऱ्यांना पैलू पाडायचा. मंदी आली, कारखान्याला कुलूप लागलं, आणि पोरगं भिंतीकडे तोंड करून आडवं झालं ते उठेना. चैत्रात एका ओळखीच्या रिक्षावाल्याने त्याला तापीच्या पुलावरून घरी आणून सोडलं. कठडा धरून केव्हापासून उभा होता, एवढंच तो म्हणाला. पुढचं मी विचारलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एकटं सोडू नका म्हणाले. तेव्हापासून पुष्पा आणि मी पाळीपाळीने झोपत होतो.

मग कारखान्याचं सामान हलवायचं म्हणून सेठने जुन्या कारागिरांना बोलावलं. ऑफिसात एक फिशटँक होता, तो कुणालाच नको होता. भूपेंद्र तो आतल्या छोट्या माशांसकट आणि एंजल माशांच्या जोडीसकट रिक्षात घालून घरी घेऊन आला. पुष्पाने कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी पोरगं भिंतीकडे न वळता मोबाईलमध्ये काहीतरी वाचत बसलं. पंप कोणता, दिवा किती वेळ, सुरतच्या उकाड्यात हीटर लागतो का. मगनभाईच्या फिशटँकच्या दुकानात तो मलाही घेऊन गेला. मगनभाई त्याला धबधब्यासारखं पाणी सोडणारा मोठा फिल्टर दाखवत होते आणि हा साध्या स्पंजच्या फिल्टरवर अडून बसला होता. का, ते मला ऐकू यावं म्हणून भर दुकानात ओरडून सांगितलं: एंजलच्या जोडीला पाण्याचा जोर सोसत नाही, आबा. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण कित्येक महिन्यांनी तो माझ्यावर ओरडला होता, आणि मला फार बरं वाटलं.

त्या शनिवारी हजिऱ्याच्या एका ठेकेदाराने त्याला कामासाठी भेटायला बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, माशांना दाणे टाकून सकाळीच निघाला. तो बाहेर पडला आणि माझी बहीण धुरपदाबाई कानबाईसाठी अमळनेरहून येऊन दाखल झाली. आल्या आल्या तिने नाक मुरडलं.

“हाई काय वास मारी ऱ्हायनं व?”

झालं. नणंदेने असं म्हटल्यावर पुष्पा कसली थांबते. मासे बादलीत काढले, काच साबणाच्या पावडरीने घासली, तळाचे खडे गच्चीवर वाळत घातले. फिल्टरचा स्पंज काळाकुट्ट होता, तो चोळून चोळून निळा काढला. मुळात तो निळा आहे हे मलाही तेव्हाच कळलं. मग नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. टँक असा लखलखीत दिसत होता की आम्ही दोघं जरा वेळ बघत उभे राहिलो. भूपा खूश होईल, पुष्पा म्हणाली.

ती नवी साडी नेसून कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला बसली आणि मी चहा प्यायला. कप ठेवताना सहज टँककडे नजर गेली. सगळे मासे वर आले होते. पाण्याला तोंड लावून नुसते आ करत होते. छोट्यांतला एक कुशीवर पडला होता.

“पुष्पा,” मी म्हणालो, “यासले काय व्हयनं?”

तिने पाहिलं आणि गव्हाचं सूप हातातून सुटलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, आणि दोघांच्याही मनात तो पूल होता.

“पोऱ्याले काय सांगसू?” ती म्हणाली.

मला एवढं आठवत होतं की भूपेंद्र नळाचं पाणी कधीच सरळ टँकमध्ये घालत नसे. निळ्या ड्रममध्ये एक दिवस शिळं होऊ द्यायचा, पाण्यातलं औषध उडून जातं म्हणायचा. मी ड्रमकडे धावलो. ड्रम कालच घासून आज भरलेला. शेजारी गेलो, त्याच्या शेजारी गेलो. कानबाईच्या तोंडावर सगळ्यांकडे तेच. ताजं पाणी हवं तेवढं घे म्हणत होते, शिळं पाणी अख्ख्या गल्लीत एका घरात मिळेना. मला आमच्या या स्वच्छतेचा त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा जन्मात आला नव्हता.

“तुम्ही मासासना दुकानमा जा,” धुरपदाबाई म्हणाली. तिने लुगड्याचा पदर खोचला होता. “मी पानी वतस.” आणि ती लोट्याने टँकमधलंच पाणी वर घेऊन उंचावरून परत सोडू लागली. तेवढीच हवा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुष्पाने हाताला लागला तो डबा घेतला. रोटाच्या पिठासाठी बाजूला काढलेला नवा स्टीलचा डबा होता, त्याला एरवी तिने मलाही हात लावू दिला नसता. रिक्षात ती सारखी म्हणत होती, लवकर, भाऊ, लवकर. रिक्षावाल्याला वाटलं दवाखान्यात कुणी आहे.

मगनभाईंनी सगळं ऐकून घेतलं. “फिल्टर भी धोया, बेन?”

“धुई टाकं. साबण लाईसन.”

“बेन, वो कचरा नहीं था. वो जिंदा था. मछली की गंदगी वही खाता था. साबुन से सब मर गया. और ऊपर से नल का पानी.”

पुष्पाने हात जोडले. नवी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, तोंडात दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर ती म्हणाली, “मग माले कचरा दे, भाऊ. तुन्हा कडला दे.”

त्यांनी आपल्या जुन्या टँकमधला एक स्पंज काढला. काळा, बुळबुळीत, न पिळता तसाच डब्यात ठेवला, वर टँकचं पाणी घातलं. एक कॅन शिळं पाणी दिलं, नळाच्या पाण्यातलं औषध मारायला थेंब टाकायची बाटली दिली. वाचतील याची खात्री देत नाही म्हणाले. येताना खड्ड्यात रिक्षा उसळली आणि डब्यातलं काळं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तिने साडीकडे पाहिलंही नाही. झाकणावर दोन्ही हात दाबून बसली होती. मला रडू आलं ते तेव्हा.

घरी आलो तोवर छोटे सगळे गेले होते. धुरपदाबाईने त्यांना कागदावर ठेवून वर दुसरा कागद टाकला होता, आणि हात दुखत असतानाही ती लोटा सोडत नव्हती. एंजलची जोडी तेवढी उरली होती. एक काचेला टेकून तिरकी झाली होती, दुसरी तिच्यापाशी. आम्ही स्पंज लावला, थेंब मोजण्याइतका धीर कुणाला नव्हता म्हणून जास्तच टाकले असतील, आणि कॅन ओतणार एवढ्यात दारात भूपेंद्र.

शर्ट पँटच्या बाहेर आला होता. “नाही घेतलं,” एवढंच म्हणाला. चप्पल काढता काढता त्याची नजर टँकवर गेली, मग कागदावर.

“मीच मारात त्यासले,” पुष्पा म्हणाली. “टँक धुई टाका. माले काय बोलनं ते बोल.”

आमच्या हातात एरवी कायम काहीतरी असतं, तेव्हा तिघांचेही हात नुसते लोंबत होते. तो टँकसमोर उभा राहिला, फार वेळ. मी हळूच सरकून दारात जाऊन उभा राहिलो. तो बाहेर निघाला तर काय करायचं हे मी ठरवून टाकलं होतं: आधी हात धरायचा, सुटला तर पाय धरायचे, बाप असलो तरी.

आणि तो वळला, सरळ दाराकडेच आला. मी त्याचं मनगट धरलं. त्याचे ओठ हलत होते, मला काही ऐकू येईना. मी आणखी घट्ट धरलं. मग तो नेहमीसारखा माझ्या कानाशी ओरडला, “आबा, बादली बाहेर से. आणू दे.”

मी हात सोडला. बादली खरंच ओट्यावर होती.

पुढे त्यानेच सगळं केलं. निम्मं पाणी काढलं, कॅनचं पाणी काचेवरून धार सोडत हळूहळू घातलं, पंपाची नळी खाली सरकवली. आम्ही तिघं तो मागेल ते हातात देत होतो. ठेकेदाराचं नाव कुणी काढलं नाही. कानबाईचा चौरंग तसाच अर्धा मांडलेला राहिला. एंजल काचेवरून सुटून मधे आली, पण कल्ले तसेच धापा टाकत होते.

“जगतीन का?” पुष्पाने विचारलं.

“माहीत नही.” त्याने हात पुसले. निळ्या ड्रमवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. “हाई पानी रातभर असंच उघडं ऱ्हाऊ दे. सकायले परत बदलनं पडी. माय, माले उठाडजो.”

पुष्पाने नुसती मान हलवली. मला ते नीट ऐकू आलं होतं, अगदी शब्द न् शब्द. तरी मी कानामागे हात धरून काय, काय, म्हणालो, आणि तो जवळ येऊन ओरडला, “सकायले माले उठाडज्यात, आबा.”