तिलाच विचारा

आमच्या घरी बाईला काय होतंय, हे तिला सोडून सगळ्यांना विचारायची पद्धत होती. आमच्या गावी, खाप्यात, वैद्य यायचे, माझी नाडी बघायचे आणि प्रश्न करायचे माझ्या सासूला, आत्याबाईंना. भूक लागते का, झोप येते का, सगळ्याची उत्तरं त्याच देत. माझं पोट माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक!

नवरा गेल्यावर वर्षभरात मी अंथरुणाला खिळले. शेजारपाजार म्हणाला, जाऊ द्या, सुटेल बिचारी. पण आत्याबाईंनी मला छकड्यात घातलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत बसल्या. पुढे त्यांच्यावर कितीही चिडले तरी ती मांडी आठवायची आणि राग अर्धा व्हायचा.

बायकांच्या दवाखान्यात कौशल्याबाई नावाची नर्स होती, खणखणीत आवाजाची. तिनं मला विचारलं, "देवकी, कुठं दुखते वं तुले?"

"सारं पोट दुखते तिचं," आत्याबाई म्हणाल्या.

"मी तिले विचारलं."

आणि ती थांबली. वॉर्डात ढीगभर कामं पडलेली, पण ती माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी सवयीनं आत्याबाईंकडे पाहिलं, तर ती मधे येऊन उभी राहिली. शेवटी मी बोटानं उजवी कूस दाखवली आणि बोलायला लागले ते थांबेचना. एवढं सगळं मला माहीत होतं, याचं मलाच नवल वाटलं.

ऑपरेशन डॉक्टरीणबाईंनी केलं, पण माझ्या मते मी त्या प्रश्नानंच उठून बसले. घरी जाऊन जाहीर केलं, मला नर्स व्हायचंय.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "लोकायची घाण काढाले जातं? गेली, तर ह्या घरचा उंबरठा चढू नोको."

मीही हट्टी. गेले. त्याच दवाखान्यातल्या गोऱ्या मेट्रनबाईंनी विचारलं, कशाला यायचंय? आधीच्या मुलींनी सेवा, पुण्य असं छान छान सांगितलं होतं. मी म्हटलं, "मला बायकांना विचारायचंय." त्या हसल्या, पण त्यांनी मला घेतलं. त्यांचे उपकार मी जन्मभर मानते.

काम मला आवडलं. फक्त सणाला बाकीच्या मुली घरी जात आणि मी वॉर्डात राही. पोळ्याला खाप्याची फार आठवण येई.

तिसऱ्या वर्षी धाकटे दीर महादेवराव आईला घेऊन आले. आत्याबाई पार वाळल्या होत्या. मला बघताच त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काय होते, आत्याबाई?"

"काही नाही, वय झालं," महादेवराव म्हणाले. "जेवत नाही, बसत नाही, नुसती चिडते."

"भाऊजी, मी त्यायले विचारलं. तुमी जरा बाहेर बसा."

ते गेल्यावर मी पडदा ओढला आणि थांबले. माझ्याशी बोलायचंच नाही असं यांनी ठरवलं असेल, तर दुखणं तसंच घेऊन परत जातील, ही धास्ती होतीच. बाहेरून मला हाका येत होत्या. मी हलले नाही.

बऱ्याच वेळानं भिंतीकडूनच आवाज आला. "अंग बाहेर येते वं. महादेव झाला तवापासून."

महादेवराव स्वतः दोन लेकरांचे बाप होते! घरभराची दुखणी वैद्याला सांगणारी ही बाई आपलं कुणाला सांगणार होती? तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मला रडू आलं आणि मी रडले.

गर्भाशय जागेवर राहावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी आत रबरी कडं बसवून दिलं. थोड्याच दिवसांत आत्याबाई वऱ्हांड्यात फिरू लागल्या आणि दवाखान्याच्या चहाला नावं ठेवू लागल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निघायच्या दिवशी टांगा दारात उभा होता, तरी त्या खाटेवरून उठेनात.

"देवकी, तुले कसं वाटते वं इथं?"

"मजेत आहे ना वहिनी," महादेवराव म्हणाले. "चाल लवकर, माय."

"मी तिले विचारलं."

आणि त्या थांबल्या. टांगेवाला ओरडत होता, पण त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बरं वाटते," मी म्हटलं. "पण घरची आठवण येते."

त्या उठल्या, पदर सारखा केला.

"मंग पोळ्याले ये."