खाटेच्या फटीतलं मेण

ढेकूण झाल्याचं सांगायला खालच्या खोलीतल्या नर्सबाई वर आल्या, तेव्हा मी त्यांना दारातच फैलावर घेतलं. आयुष्यभर मास्तरकी केलेली; समोरचा हळू बोलला की माझा आवाज आपोआप चढतो. आमच्या घरात आजवर ढेकूण नव्हता, तुमच्याच सामानातून आला, औषध मारायचं तुम्ही बघा, नाहीतर खोली सोडा, असं जिन्यातल्या बिऱ्हाडांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं सुनावलं. मागे उभी असलेली बायको आत गेली आणि भांडी आपटू लागली.

नर्सबाई मान खाली घालून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपडे उकळले, गाद्या उन्हात टाकल्या आणि आईनं हातानं शिवलेली गोधडी कचऱ्याच्या गाडीत दिली. त्यांची लेक रडत होती. मी गॅलरीतून बघत होतो. थांबवावंसं वाटलं, पण जीभ रेटली नाही.

रविवारी त्यांनी बोलावलेला पेस्ट कंट्रोलवाला आला. मीही मालकाच्या तोऱ्यात हजर झालो. खोलीबरोबर मीच दिलेली लाकडी खाट त्यानं उलटी केली आणि पायाच्या सांध्यात पट्टी घातली. मेणाचा लांबलचक तुकडा निघाला. त्याखाली काळे ठिपके आणि अंड्यांची टरफलं.

"फट मेणानं बुजवलीय," तो म्हणाला. "जुनं काम आहे. खाट आली कुठून? तिथेही फवारावं लागेल."

माझी कानशिलं तापली. मेण मीच भरलं होतं, दोन वर्षांपूर्वी. ढेकूण काही हटेनात, तेव्हा बायको नको म्हणत असताना खाट खालच्या खोलीत ढकलली होती.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. तरी त्याच म्हणाल्या, "खाट मी वापरते. माझीच समजा."

"माझी आहे," मी म्हणालो. "मेणही मीच भरलंय. वर चला."

पेस्ट कंट्रोलवाला सामान घेऊन पुढे गेला. जाता जाता सांगून गेला, की अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुतलं तरी पुरे, टाकायची गरज नसते. नर्सबाई रिकाम्या खाटेकडे बघत राहिल्या.

"चुकलं माझं," मी दाराशी थांबून हळूच म्हणालो.

सुनावलं तेव्हा जिना भरलेला होता. आता तिथे चिटपाखरूही नव्हतं, आणि मला त्याचंच बरं वाटलं.