एका घरातले दोन सदस्य

बडतर्फ झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या अपील मंडळावर एक नाव सरकारनं सुचवायचं, एक कर्मचारी संघटनेनं, आणि ती दोन्ही नावं मंडळाच्या सचिवांनी पारखून घ्यायची, अशी रीत होती. या खेपेला सरकारनं एका कचेरीतल्या निवृत्त अधीक्षकांना विचारलं. अधीक्षक जन्मभर कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते, त्यामुळे कुणी त्यांना कशासाठी निवडलंही नव्हतं. ही जागा त्यांना मनापासून हवी होती. पक्कं झाल्यावर बायकोला चकित करू, म्हणून दात दाखवायला जातो असं सांगून ते निघाले.

सचिवांच्या दालनाबाहेर बाकावर बायकोच बसली होती. ती बहिणीकडे गेलेली असायला हवी होती.

"दात इथं काढतात होय?" तिनं विचारलं.

इस्पितळाची ही निवृत्त मेट्रन. संघटनेनं तिचं नाव दिलं होतं आणि तिलाही नवऱ्याला चकितच करायचं होतं. दोघं तोंड दाबून हसत राहिले. शिपाई दोनदा डोकावून गेला.

आत सचिवबाईंनी कपाळाला हात लावला. एका घरातले दोघं मंडळावर चालत नाहीत, कुणीतरी माघार घ्या, असं त्या म्हणाल्या. दोघंही जमिनीकडे बघू लागले. मग सचिवबाईंनी अधीक्षकांनाच विचारलं, की तुमच्या पत्नी न्याय कसा करतील.

बायको तापट आहे, एवढं सांगितलं तरी अधीक्षकांचं काम झालं असतं. ते खोटंही नव्हतं.

"तापट आहे," ते म्हणाले, "पण ऐकून घेतल्याशिवाय तापत नाही. मी शांतपणे आधी निकाल देतो आणि मग कारणं शोधतो. माझी नोकरी गेली असती तर मी हिच्यापुढे उभा राहिलो असतो. माझ्यापुढे नाही."

झालं. सचिवबाईंनी मेट्रनचं नाव कायम केलं आणि सरकारकडून दुसरं नाव मागवलं. आता वाईट वाटेल म्हणून अधीक्षक वाट बघत बसले, पण ते काही वाटेना.

जिना उतरताना ती हळूच म्हणाली, "अहो, तुम्हाला हवी होती ना ती जागा?"

"फार."

"मग?"

"अगं, आजवर कचेरीत माझं मत कुणी असं जसंच्या तसं मानलं नव्हतं."

ती पायरीवरच थांबली. आजपासून घरातही तुमचं म्हणणं आधी ऐकेन, असं तिनं कबूल केलं.

"आणि निकाल?"

"तो मीच देणार."

"मग अपील कुणाकडे?"

"माझ्याकडेच की."

अधीक्षक इतके खदखदून हसले, की खालून येणारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली.