भाषणाचा राहिलेला भाग

ताईने हातोडीने खिळा ठोकला आणि भावाच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. आधीची तीन त्याने स्वतःच पाडली होती. दवाखान्याची गाडी यायला अर्धा तास होता, पण सुतारखान्यातला भुसा त्याने झाडून ठेवला होता आणि रंधे फळीवर ओळीने लावले होते.

"आता बसेल," ती म्हणाली.

"बसू दे बाई. निदान दवाखान्यापर्यंत तरी पँट टिकायला हवी."

ती हसली नाही. पेशी आपल्याच आतला मोडकातोडका माल कसा मोडते आणि पुन्हा वापरते, हे शोधण्यात प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं गेली होती. मागच्या वर्षी ग्रंथालयात तिचं भाषण झालं. पोट रिकामं असलं की ही साफसफाई जोरात चालते, कचरा साचत नाही, कर्करोगाची सुरुवात कदाचित टळते, असं ती म्हणाली. तेवढ्यात वेळ संपली, टाळ्या पडल्या. भाऊ पहिल्या रांगेत होता. पुढे मानेत गाठ हाताला लागली, तेव्हा डॉक्टरकडे जायचं सोडून त्याने रात्रीचं जेवण सोडलं. बायकोला सांगायचा, सुतारखान्यातच खाल्लं. असे आठ महिने गेले.

"त्या दिवशी मी अर्धंच बोलले," ती पट्ट्याकडे बघत म्हणाली. "गाठ एकदा वाढायला लागली की तीही हेच करते. खायला मिळालं नाही तर स्वतःतलंच मोडून खाते आणि तग धरते. उपाशी राहून ती जात नाही. हे सांगायचं राहिलं माझं."

त्याने तिच्या हातातली हातोडी काढून घेतली, जागेवर ठेवली. ती त्याच्या रागाची वाट बघत उभी राहिली.

"म्हणजे मी नीट केलं असतं, तरी गेली नसती?"

"नीट म्हणजे?"

"अगं, मला राहवायचं नाही. त्या फळीवर, व्हार्निशच्या डब्यांमागे बिस्किटांचा डबा ठेवला होता. संध्याकाळी दोन-चार खायचो. वाटायचं, त्यानंच घात केला. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"त्यानं काही झालं नाही रे."

"खरं सांगतेस?"

"खरं."

तो स्टुलावर बसला. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सैल पडले.

"सुटलो बघ," तो म्हणाला. "आहेत का बघ त्या डब्यात अजून. वाटेत खाऊ."

ती फळीकडे गेली. डबा लगेच सापडला. त्याच्याकडे पाठ करून ती बराच वेळ झाकण काढत राहिली.