बंगळुरू परिसरातील कोणी एक

गुरुवार, ८ जून २०२३, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. धायरीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर उत्तरेश्वर ढवळे यांच्या फोनच्या पडद्यावर आकडा होता तीन. 'गेल्या आठवड्यात आपले प्रोफाइल तिघांनी पाहिले.' खाली तीन गोल होते आणि तिन्हींतले चेहरे मुद्दाम पुसट केलेले होते. पहिल्या दोहोंखाली काहीच लिहिलेले नव्हते. तिसऱ्याखाली एक अर्धवट ओळ होती: 'बंगळुरू परिसरातील कोणी एक'. चेहरे स्पष्ट पाहायचे असल्यास प्रीमियम सदस्यत्व घ्यावे, अशी सूचना सोनेरी चौकटीत दिलेली होती. दर महिन्याला सोळाशे रुपये.

बंगळुरूत उत्तरेश्वररावांच्या ओळखीचा एकच माणूस राहत होता, आणि तो त्यांचा मुलगा होता.

नोकरीधंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या त्या साइटवर ते स्वतःहून गेलेले नव्हते. बार्शीहून सोलापूरच्या तंत्रनिकेतनात, तिथून यंत्र शाखेची पदविका घेऊन पुण्यात आणि पुण्यात इंजिनांच्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात, असा त्यांचा सरळ प्रवास. नव्वदीनंतर कारखान्यात परदेशी भागीदार आला आणि चाचणीच्या ओट्यावर काट्यांच्या तबकड्यांऐवजी संगणक बसले, तेव्हा विभागातले निम्मे लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. उत्तरेश्वरराव मात्र चाळिशीच्या उंबरठ्यावर कळफलक शिकले आणि टिकले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी समोरच्या इमारतीतल्या फैझलने, "काका, एवढा अनुभव वाया का घालवायचा?" असे म्हणत त्यांचे प्रोफाइल बनवून दिले. सल्ला विचारायला एकही कारखाना आला नाही. पण तिथेच शोधता शोधता त्यांना एक दिवस आनंद सापडला.

मुलगा 'सापडला' म्हणणे विचित्र आहे, पण तसेच घडले होते. बापलेकांत भांडण कधीच नव्हते. मात्र थेट बोलणेही कधी नव्हते. बोलणे असे ते प्रेमलाबाईंच्या मार्फत. फोन त्यांच्या कानाला असायचा आणि त्या तोंड इकडे वळवून म्हणायच्या, "अहो, आनंद विचारतोय, बीपीची गोळी घेतली का?" यावर वर्तमानपत्रातून उत्तर यायचे, "घेतली म्हणावं. आणि त्याला म्हणावं, गाडी सर्व्हिसिंगला टाक." अशी पंचवीस वर्षे गेली आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटले नाही. आदल्या वर्षी फेब्रुवारीत प्रेमलाबाई गेल्या. फोन राहिला, दोन टोके राहिली, मधली बाई तेवढी राहिली नाही. आता रविवारी आनंदचा फोन येई. "बरे आहात ना?" "हो. तुझं?" "हो." "पाऊस?" "नाही अजून." मग दोघेही, समोरच्याला काम असेल अशा समजुतीने, फोन ठेवून देत.

म्हणून रोज सकाळी चहा झाला की उत्तरेश्वरराव आनंदचे प्रोफाइल उघडत. त्यात घरचे काही नसे. 'प्रमुख सॉफ्टवेअर अभियंता, सध्या' असे लिहिलेले असे, बारीक दाढीचा फोटो असे, कुणाला बढतीबद्दल दिलेल्या शुभेच्छा असत. एकदा त्याने इंजिनातले ठोके सॉफ्टवेअरने कसे ओळखावेत यावर चार परिच्छेद लिहिले होते. बाप दिवसभर कारखान्यात काय करतो हे ज्याने लहानपणी कधी विचारले नव्हते, त्याने ठोक्यांवर लिहावे! उत्तरेश्वररावांनी ते इतक्यांदा वाचले की पाठ झाले. खाली काहीतरी लिहावे असे फार वाटले. पण तिथे इतर लोक 'छान मांडणी, सर' असे लिहीत होते, आणि त्या रांगेत बापाने उभे राहून काय लिहावे ते सुचले नाही. ओळख जोडण्याची विनंती पाठवण्याचे बटणही होते. बापाने मुलाकडे विनंती करायची, की मला आपल्या ओळखीत घ्या? बोट एकदा बटणाजवळ गेले होते. तेवढेच.

आणि आता बंगळुरूहून कोणी एक त्यांचे प्रोफाइल पाहत होते. तो आनंद असेल, तर मग ओढ एकाच बाजूची नव्हती. सोळाशे रुपये त्यांना जड नव्हते. पण पैसे भरून चेहरा उघडावा आणि तो भलत्याच कुणाचा निघावा, ही शक्यता जड होती. पुसट होता तोवर तो आनंद असू शकत होता.

रविवारी संध्याकाळी ते फैझलकडे गेले. फैझल हिंजवडीत नोकरीला होता. त्याचे वडील कादर हे उत्तरेश्वररावांचे कारखान्यातले जुने सोबती, जोडणी विभागातले.

"प्रीमियम?" फैझलने चहाचा कप खाली ठेवला. "काका, जॉब चेंज करताय की काय?"

"चेंज करायला आधी असावा लागतो," कादर म्हणाले. "याला पेन्शनीत प्रमोशन पाहिजे असेल."

"कादर, तू बिस्किट खा. फैझल, मला एवढंच सांग, पैसे भरले की कोण पाहतं ते नक्की कळतं?"

"मोस्टली कळतं. पण समोरच्यानं स्वतःला लपवून ठेवलं असेल, तर पैसे भरून पण नाही."

"म्हणजे खात्री नाही."

"गॅरंटी नाही, काका. आणि पहिला महिना फ्री असतो, तो मी तुमचं प्रोफाइल बनवतानाच वापरून टाकला. सॉरी."

"माझ्या पोराचा स्वभाव दानशूर," कादर म्हणाले. "दुसऱ्याच्या वस्तूंच्या बाबतीत."

"अब्बा, थांबा ना. काका, फुकटवाल्यांना पण एखाद-दुसरं नाव दिसतंच, बाकीचे पुसट. आता तुम्ही माझं प्रोफाइल उघडलंत, तर मला लगेच येतं, उत्तरेश्वर ढवळे यांनी पाहिलं म्हणून."

उत्तरेश्वरराव खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "आपण पाहिलं, हे त्याला कळतं?"

"मग? नावासकट, फोटोसकट. किती वेळापूर्वी पाहिलं ते पण."

कादरनी बिस्किट खाली ठेवले. "कोणाचं पाहत होतास रे?"

"तुला खा म्हटलं ना."

फैझलला काय समजायचे ते समजले असावे, कारण तो हळू आवाजात म्हणाला, "काका, लपवू का तुम्हाला? दोन मिनिटांचं सेटिंग आहे. फक्त मग तुम्हाला कोण पाहतं, ते पण बंद होणार. सिस्टिमच तशी आहे."

"नको. आठ दिवसांनी सांगतो," असे म्हणून ते उठले.

घरी येईपर्यंत कानशिले तापली होती. आपण पडद्याआडून पाहतो आहोत असे वर्षभर समजावे, आणि पडदा मुळात नसावाच! रोज सकाळी आनंदला कळत होते की बाप येऊन गेला. सुट्टीच्या दिवशी दोनदा, प्रेमलाबाईंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तर किती वेळा, ते त्यांना स्वतःलाही आठवेना. आणि दर रविवारी हाच मुलगा फोनवर "पाऊस?" असे विचारत होता. त्याला राग येत असेल? कीव येत असेल? की त्याने त्या सूचनांकडे पाहणेच सोडून दिले असेल?

या प्रश्नाला सोनेरी चौकटीत उत्तर नव्हते. तेव्हा उत्तरेश्वरराव आपल्या धंद्याकडे वळले. चार सिलिंडरच्या इंजिनात कोणता सिलिंडर किती जोर लावतो, हे चालू इंजिनाकडे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी एका सिलिंडरचे डिझेल बंद करायचे आणि इंजिनाचा दम किती उतरतो ते पाहायचे. दम उतरला तर तो सिलिंडर काम करत होता. उतरलाच नाही, तर तो असून नसल्यासारखा होता. आपले रोजचे जाणे असेच काही दिवस बंद करून पाहावे. कुठे काही उतरते का, ते कळेल.

चाचणी योजायला सोपी होती. पाळायला अवघड गेली. सोमवारी चहा झाल्यावर त्यांनी फोन फ्रिजवर पालथा ठेवला आणि स्वयंपाकघराचा ओटा, जो स्वच्छच होता, पुन्हा पुसला. मंगळवारी भाजी आणली, ती निवडली, तरी सकाळ संपेना. बुधवारी शनिवार पेठेत जाऊन चष्म्याचा सैल स्क्रू घट्ट करून आणला, जे काम ते घरी मिनिटात करू शकले असते. सिंहगड रस्त्यावर बस पुलाच्या कामापाशी खोळंबली होती, तेव्हा खिडकीशी बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आले की त्या प्रोफाइलातला शब्दन् शब्द आपल्याला पाठ आहे. नवे काही नसते हेही ठाऊक आहे. मग रोज जात होतो ते कशासाठी? वस्तीतून जाताना ओळखीच्या घराशी पावले मंदावतात, आत दिवा आहे एवढे दिसते, आणि हाक न मारताच माणूस पुढे जातो. तसेच काहीसे. दिवा आहे, एवढे त्यांना पुरत होते. निदान पुरते असे ते समजत होते.

गुरुवारी अकराच्या सुमारास फोन वाजला. आनंद होता.

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय झालंय? आज गुरुवार आहे."

"हो, माहितीये."

"मग ऑफिसात नाहीस?"

मग आनंद म्हणाला, "तुम्ही सोमवारपासून आला नाहीत."

"कुठं?" उत्तरेश्वररावांनी विचारले. कुठे ते त्यांना पुरते कळले होते. त्यांनी हाताने खुर्ची चाचपली आणि ते बसले.

"माझ्या प्रोफाइलवर. रोज साडेनऊच्या आत येऊन जाता. चार दिवस नाव नाही. मला वाटलं…" काय वाटले ते त्याने सांगितले नाही.

"तुला रोज दिसत होतं?"

"मी प्रीमियम घेतलंय, बाबा. वर्षभराचं सगळं दिसतं."

"तू कशाला घेतलंस?"

अशा जागी पूर्वी प्रेमलाबाई काहीतरी बोलत. आता तिथे फक्त पंख्याचा आवाज होता.

"नोकरी गेली, बाबा. एप्रिलमध्येच."

"तिथं तर 'सध्या' असं लिहिलंय," उत्तरेश्वररावांच्या तोंडून निघून गेले.

"ते बदललं नाही."

"का?"

"तुम्ही रोज बघता ना."

आनंदच बोलत राहिला. फोटोभोवती हिरवी पट्टी लावता येते, कामाच्या शोधात आहे अशी. ती लावली की भरती करणाऱ्यांना कळते, माणूस मोकळा आहे. "पण त्यांच्या आधी सकाळी नऊला तुम्हाला कळलं असतं. म्हणून पट्टी न लावताच शोधत होतो. कुठल्या कंपन्या आपल्याला बघतायत ते तरी कळावं म्हणून पैसे भरले. यादी उघडली की सगळ्यात वर तुम्ही. खाली कधीतरी एखादा विमा विकणारा."

"दोन महिने पट्टी न लावता शोधतोयस?" उत्तरेश्वरराव म्हणाले. "इंजिन बंद ठेवून ॲव्हरेज काढतोयस."

आनंद हसला. ते हसणे थेट कानात ऐकल्याला किती वर्षे झाली होती, ते त्यांना आठवेना.

"आई असती तर पहिल्याच दिवशी तिला सांगितलं असतं," तो म्हणाला.

"आणि तिनं मला."

"हो."

"त्याला म्हणावं, आता मलाच सांगत जा," उत्तरेश्वरराव म्हणाले आणि थबकले. सवयीने मान डावीकडे वळली होती, भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्चीकडे.

मग त्यांनी विचारले, "तू माझं उघडतोस का कधी?"

"तुमचं काय उघडायचं? तुमच्यात काही बदलतच नाही."

"बंगळुरूचं कोणीतरी पाहतं."

"मीच तो," आनंद म्हणाला. "फोटोसाठी उघडतो. कोपऱ्यात आईचा खांदा आलाय. फैझलला फोटो नीट कापता आला नाही."

उत्तरेश्वररावांनी तो फोटो कधी मोठा करून पाहिलेला नव्हता. स्वतःचा चेहरा त्यात काय पाहायचा, म्हणून.

"हे सदस्यत्व अठरा तारखेला संपतंय," आनंद म्हणाला. "बंदच करतो आता. उपयोग काही नाही."

"पट्टी लावली तर नोकरी लागायला किती दिवस जातात?"

"दोन-तीन महिने. मार्केट वाईट आहे."

"मग आधी पट्टी लाव. आत्ता, मी फोनवर आहे तोवर."

कळा दाबल्याचे आवाज आले. "लावली. पण आता तुमच्या ओळखीतल्या सगळ्यांना दिसेल, बाबा."

"दिसू दे. आणि सदस्यत्व बंद करू नकोस. तीन महिने चालू ठेव. मी भरतो."

"माझ्याकडे पैसे आहेत, बाबा."

"असतील. मी माझ्यासाठी घ्यायचं म्हणत होतो. मला आता लागत नाही."

"मग उद्यापासून येणार का?" आनंदने विचारले. विचारताना त्याचा आवाज लहानपणीच्या सुरात गेला होता.

"येईन की. तू काय बदलतोस ते बघायला नको? पण त्याआधी, तिथल्या घराचं भाडं किती आहे ते सांग. जेवतोस कुठं ते सांग. एप्रिलपासूनचं नीट, क्रमानं सांग."

आनंदने सांगायला सुरुवात केली. मध्येच त्यांनी फोनचा स्पीकर लावला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे प्रोफाइल उघडून फोटो मोठा केला. डाव्या कडेला बोटभर रुंदीची हिरवी साडी होती, खांद्यावर पदर पिनेने नीट टाचलेला. मुलाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. ते फोटोवरून नजर न काढता ऐकत राहिले.

दुपारी त्यांनी फैझलला निरोप धाडला की प्रीमियम घ्यायचे नाही. नंतर फोनवरूनच आनंदच्या खात्यात पैसे पाठवले आणि रक्कम दोनदा तपासली: चार हजार आठशे रुपये.