देवासचा रेट

सकाळचे सात वाजले की थावरीबाई दत्तोपंतांची कूस बदलायची. एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली घालून म्हणायची, "चला बाबासाब, आता खिडकीकडे बघा." मग पाठ पुसून, माकडहाडाजवळची जागा बोटांनी चाचपायची. चार वर्षं अर्धांगवायूने खिळलेल्या त्या माणसाच्या पाठीवर एकही लाल ठिपका नव्हता. डॉक्टरांनी एकदा विचारलंही होतं, "कोणत्या दवाखान्यात शिकलीस?"

थावरी धारकडच्या तिरल्याजवळच्या गावातली. नवरा वारला, मूलबाळ नाही, गावात एक म्हातारी आई. देवासच्या या मराठी घरात आली ती दत्तोपंतांच्या आजारी पत्नीसाठी. पाच वर्षं त्यांचं केलं, त्या गेल्यावर दत्तोपंतांचं. शिकली ती इथेच. दिवसरात्र राहायचं, महिन्याला दोन दिवस सुट्टी आणि आठ हजार पगार.

घर अक्का चालवत. दत्तोपंतांची ही थोरली बहीण बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्यांची आजारपणं तिनेच काढली. पगाराचं मात्र दत्तोपंतांचा पुण्यातला मुलगा, मयुरेश, ठरवी.

होळीनंतर थावरी गावाहून परतली ती गप्प होती. अक्कांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "पडून पडून आईच्या पाठीला लाल डाग पडला, अक्कासाब. शेजारीण दिवसातून एकदा येते, रोटी देऊन जाते. दिनभर बसायचे दोन हजार जास्ती मांगते."

संध्याकाळी मयुरेशचा फोन आला. अक्कांनी स्पीकर लावला.

"दोन हजार बढवून द्या ना, भिया," थावरी म्हणाली.

"थावरीबाई, देवासचा रेट आठच आहे. आणि जेवणखाण, साड्या, सगळं मिळतंच ना?"

"तुमच्या पुन्याला सासरेसाबना बघतो त्याला चोवीस हजार देता म्हणे. तो शाम को घरी पण जातो."

"तो पुण्याचा रेट आहे. शिवाय तो ट्रेनिंग घेतलेला आहे."

"पुन्याच्या म्हाताऱ्याची पाठ अलग असते का, भिया?"

मयुरेश हसला आणि विषय बदलला. अक्काही काही बोलल्या नाहीत. पलंगावर दत्तोपंत ऐकत होते; त्यांचे ओठ हलले, पण शब्द उमटला नाही.

आठ दिवसांनी शेजारणीने कळवलं की डागाची जखम झाली आहे. थावरीने पंधरा दिवसांची सुट्टी मागितली.

"अगो, दत्तूला कोण बघेल?" अक्का म्हणाल्या. "बदली बाई मिळेपर्यंत थांब."

थावरी थांबली. रोज फोनवर शेजारणीला सांगायची: पाणी उकळून घे, कपडा साफ घे, दोन दोन तासांनी पलटव. शेजारीण हो म्हणायची. तिला स्वतःचं शेत होतं, पोरं होती. अक्का रोज मयुरेशला विचारायच्या, तो म्हणायचा, "बघतोय, अक्का. एवढ्या पैशात कोणी तयार होत नाही."

अकराव्या दिवशी दुपारी फोन आला. आई गेली होती.

थावरी मोठ्याने रडली नाही. दत्तोपंतांना भरवत होती, ती वाटी संपवली, त्यांचं तोंड पुसलं आणि पिशवी उचलली.

अकरा दिवस न मिळालेली बदली बाई त्याच दुपारी एका फोनवर मिळाली. इंदूरच्या एजन्सीची प्रियांका, रोजचे आठशे रुपये. मुलगी स्वभावाने गरीब होती, पण कूस बदलताना गोंधळे.

"किती वर्षं करतेस हे काम?" अक्कांनी विचारलं.

"दो महिने, आंटी. पर सर्टिफिकेट है."

चौथ्या दिवशी दत्तोपंतांची पाठ लाल दिसली. अक्का तिथेच खुर्चीवर बसल्या. त्या लाल डागाकडे बघताना त्यांना न पाहिलेली एक म्हातारी दिसू लागली.

बारावा आटोपून थावरी आली ती कपडे न्यायला.

"रहा गो," अक्का म्हणाल्या. "मी मयुरेशशी बोलते. वीस देऊ."

"आता नको. दोन हजार तेव्हा पाहिजे होते." मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही तरी बोलायचं होतं, अक्कासाब. जिंदगीभर तुम्हीही हेच केलं. तुम्हाला कोणी काय दिलं?"

अक्का तिच्या साड्या घडी करून पिशवीत भरू लागल्या.

"मला कागद द्या," थावरी म्हणाली. "नऊ साल काम केलं, एवढं लिहून द्या. इंदूरला कागद बघतात, हात नाही बघत."

अक्कांनी ते हिंदीत लिहिलं. पत्नीची पाच वर्षं, दत्तोपंतांची चार, पाठीला एकही जखम नाही. फोनवर मयुरेश चिडला. "अक्का, असा कागद दिलास तर ती परत येईल का? आणि पुढची बाई मग वीसच मागेल."

"मागू दे. तिला वीसच मिळतील आणि चार दिवस घरी जायलाही मिळेल. नाही जमलं तर तू येऊन बस बापाशेजारी. अरे, दोन हजारांसाठी आपण तिची आई जाऊ दिली."

अक्कांनी फोन ठेवला.

हेडमास्तर म्हणून आयुष्यभर दाखल्यांवर सह्या केलेल्या दत्तोपंतांचा उजवा हात उठत नव्हता. अक्कांनी त्यांच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली. ठसा उमटवताना दत्तोपंत रडले. थावरीने पदराने त्यांचे डोळे पुसले आणि पाया न पडता निघाली.

इंदूरला तिला बावीस हजार मिळाले, आणि रविवारची सुट्टी. पहिल्या रविवारी आंघोळ करून, फळं घेऊन ती सवयीने धारच्या बसमध्ये बसली. धारला तिरल्याची गाडी उभी होती. कंडक्टरने हाक मारली तेव्हा तिला आठवलं, की आता तिकडे जाऊन कुणाला भेटायचं नाही.

ती स्टँडच्या बाकावर बसून राहिली. गाडी भरली आणि निघून गेली.