दसऱ्याची न फुटलेली लिंबं

मी एक जुना ट्रक आहे आणि मित्रांनो, मी रागात आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे काही गोडगोड ऐकायला मिळेल या आशेनं कुणी बसायला नको. शाळेत जाताना या भंगाराच्या आवाराच्या भिंतीवरून तुम्ही माझ्यावर दगड भिरकावता. परवा डावा दिवा फुटला, तेव्हा तुमच्यातला एक जण 'शाब्बास' म्हणाला. तरीही तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही निदान समोरून मारता. माझा राग ज्याच्यावर आहे, त्यानं बत्तीस वर्षांत मला कधी नखसुद्धा लागू दिलं नव्हतं. तो म्हणजे माझा ड्रायव्हर, कडूबा.

माझा जन्म धड झालाच नाही. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला इंजिन, पुढचं लांब नाक आणि सहा चाकं एवढंच होतं. केबिन नाही, दार नाही, बसायला सीट नाही. ते साल होतं एकोणीसशे एक्याण्णव. करमाडच्या कारभारी पाटलांनी मला विकत घेतलं आणि आणायला अठ्ठावीस वर्षांच्या कडूबाला पाठवलं. मोसंबीचं रिकामं खोकं पालथं घालून तो त्यावर बसला, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि ऊन, धूळ खात मला औरंगाबादेत घेऊन आला. आता या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. क्रांती चौकात थांबलो तेव्हा एका पानवाल्यानं विचारलं, "ही गाडी हाय का सांगाडा?" कडूबा खोक्यावरूनच ओरडला, "हस लेका! महिन्याभरानं हिलाच बघायला येशील."

तो खरं बोलला होता. सुतारांनी मला केबिन दिली, मागे फळ्यांचा हौदा दिला. पेंटरनं कपाळावर 'खंडोबा प्रसन्न' लिहिलं आणि दारांवर दोन मोर काढले. मोरांचे पाय कोंबडीसारखे झाले, पण कडूबाला ते फार आवडले. ट्रक असूनही मला सगळे 'गाडी' म्हणत, 'ती' म्हणत. मी कधी तक्रार केली नाही.

मग आमचा रस्ता सुरू झाला. मोसंबी, मका, ढेप, बजाजनगरच्या पलीकडच्या कारखान्यांतले लोखंडी सुटे भाग, जे पडेल ते मी वाहिलं. कडूबा उजाडताच उठायचा, ढाब्याच्या हौदावर अंघोळ करायचा आणि उदबत्ती माझ्या काचेशी खोचायचा. मग लोखंडी टॉमी घेऊन एकेका टायरवर ठोका मारायचा. आवाजावरून त्याला हवा कळायची. त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला, कोणती भाजी आवडते हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, पण माझा तिसरा गियर थंडीत कसा रुसतो हे तो झोपेतही सांगायचा. रस्त्यावर माझ्यासारखी लांब नाकाची गाडी दिसली की दोनदा हॉर्न वाजवायचा. "नाकाच्या गाड्या आता लई थोड्या राह्यल्या," म्हणायचा. एखादी गाडी रस्त्यावरून कायमची गेली असं कळलं, तर त्या दिवशी नीट जेवायचा नाही. असं प्रेम मिळालेल्यानं राग कशाला धरावा, असं तुम्हाला वाटेल. जरा थांबा.

कारभारी पाटील गेले आणि त्यांचे चिरंजीव तात्यासाहेब मालक झाले. त्यांनी नवा ट्रक घेतला. नाक नाही, थंडगार केबिन, कळ दाबली की काच खाली. त्यावर बद्रीनाथ नावाचा ड्रायव्हर ठेवला. हा बद्रीनाथ कडूबाच्याच हाताखाली, माझ्याच स्टिअरिंगवर शिकलेला होता. आता चाळिशी गाठलेला, तोंडानं फटकळ. दोघांचं एक क्षणही जमेना. बद्रीनाथ मला 'म्हातारी' म्हणायचा. कडूबा त्याच्या ट्रकला 'फ्रीज' म्हणायचा. खरं सांगतो, मलाही त्या फ्रीजचा तिटकारा होता. मालकाच्या आवारात शेजारी उभा राहिला की त्याच्या आरशात माझा गंज दिसायचा.

गेल्या वर्षी माझं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, जवळ आलं तेव्हा तात्यासाहेब म्हणाले, "कडूबा, बस झालं. म्हातारीला भंगारात देऊ."

कडूबानं त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी घरातल्या थोरल्या चतुराबाई, म्हणजे तात्यासाहेबांच्या आई, मध्ये पडल्या. त्यांच्याकडे कारभारी पाटलांपासून एक रीत होती. दसऱ्याला आवारातल्या सगळ्यांत जुन्या गाडीच्या चाकांखाली चार लिंबं ठेवायची. मुहूर्तावर गाडी चालू करायची आणि एका दमात चारही फोडायची. फुटली की पहिला नारळ तिचा. आणखी एक कडक नियम होता. आदल्या दिवशी गाडी धुऊन ठेवली की पूजेपर्यंत ती चालू करायची नाही. वर्षाचा पहिला आवाज लिंबांवरच व्हायला पाहिजे.

चतुराबाई म्हणाल्या, "तात्या, लिंबं फोडली तर अजून एक साल ठेव तिला. नाय फोडली तर मग तुझ्या मनासारखं कर." तात्यासाहेबांनी मान डोलावली. माझं सगळं आयुष्य असं चार लिंबांवर येऊन ठेपलं. पण मला भीती वाटली नाही. बत्तीस वर्षांत मी एकदाही हुकलो नव्हतो.

आदल्या दिवशी कडूबानं मला नवरीसारखं नटवलं. कोंबडीपायाचे मोर पुन्हा रंगवले, नाक पुसून पुसून लखलखीत केलं. एवढ्यावर थांबला असता तर आज मी तुमच्याशी बोलत नसतो. पण अति तिथे माती! त्याला माझ्या डिझेलच्या टाकीचा डाग दिसला. त्यानं टाकी खोलून काढली, आतून घासली, बाहेरून चंदेरी रंग दिला आणि पुन्हा बसवली. आता डिझेलची नळी सुटली की तिच्यात हवा शिरते. हवा शिरली की इंजिनाला डिझेल पोचत नाही. म्हणून टाकी बसवल्यावर एक छोटा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचा. फेस येतो, बुडबुडे येतात, ते थांबून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. दहा मिनिटांचं काम. कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.

कडूबा पंप दाबत होता. बुडबुडे येत होते. तेवढ्यात बद्रीनाथ आला आणि म्हणाला, "उस्ताद, भंगाराला पावडर लावून काय फायदा?"

कडूबानं हातातला पाना जमिनीवर आपटला. "तुला गियर कुणी दाखवला रे? कुणाच्या मांडीला मांडी लावून शिकलास?"

"शिकवलं म्हणून काय जलमभर ऐकून घेऊ व्हय?"

दोघांची जुंपली. आईबापांचा उद्धार झाला, जुनी उणीदुणी निघाली. शेवटी द्वारकाबाई डबा घेऊन आल्या आणि नवऱ्याला ओढत घेऊन गेल्या. जाता जाता कडूबानं स्क्रू आवळला आणि नाकाचं झाकण धाडकन लावलं. आत बुडबुडे तसेच होते. मला ते जाणवत होते, पण मला हॉर्न आहे, तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवार भरलं. मला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं खोचली. चतुराबाईंनी ओवाळलं आणि स्वतः वाकून चार लिंबं ठेवली. तात्यासाहेबांच्या हातात नारळ होता. कडूबानं स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि किल्ली फिरवली.

मी एका झटक्यात चालू झालो. पंपात उरलेलं घोटभर डिझेल होतं ना! टाळ्या पडल्या. कडूबानं क्लच सोडला, मी वीतभर पुढे सरकलो, चाकं लिंबांना टेकली. आणि घोटभर डिझेल संपलं. मागून आली ती हवा. मी एक आचका दिला आणि बंद पडलो.

लिंबं नुसती चेपली. एकही फुटलं नाही.

कडूबानं तीनदा किल्ली फिरवली. काही नाही. चतुराबाई म्हणाल्या, "अगं बया! तशीच राह्यली की." तात्यासाहेबांनी विचारलं, "काय झालं कडूबा?"

मित्रांनो, त्याला त्याच क्षणी कळलं होतं. त्याची नजर आधी माझ्या नाकाच्या झाकणाकडे गेली, ते मी पाहिलं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, 'मालक, चूक माझी. हवा काढायची राह्यली. दहा मिनिटं द्या.' मी वाट पाहिली. उभ्या आयुष्यात मी कुठल्या चढावर जेवढा जोर लावला नसेल, तेवढा जोर लावून वाट पाहिली.

तेवढ्यात बद्रीनाथनंच हळूच विचारलं, "उस्ताद, हवा काढली व्हती ना?"

"तू मला शिकवतो का रे?" कडूबा त्याच्यावर खेकसला. मग खाली उतरला, चारचौघांकडे न बघता, माझ्या चाकाकडे बघत म्हणाला, "काय सांगू मालक. थकली ओ गाडी. वय झालं तिचं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. उस्ताद म्हणून मिरवलेला माणूस, शिष्यासमोर 'चुकलो' असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. म्हणून त्यानं आपली चूक माझ्या वयाच्या गळ्यात बांधली. ज्यानं माझ्या टायरमधली हवा एका ठोक्यात ओळखली, तो नळीतल्या हवेबद्दल गप्प बसला. बत्तीस वर्षांच्या उदबत्त्या मला त्या एका वाक्यात जळून गेल्यासारख्या वाटल्या. पहिला नारळ फ्रीजपुढे फुटला.

दुपारी सगळे सोनं वाटायला गेल्यावर कडूबा एकटा आला. झाकण उघडलं, स्क्रू सैल केला, दहा मिनिटं पंप दाबला. किल्ली फिरवताच मी चालू झालो, घाटात गरजायचो तसा गरजलो. आणि त्यानं काय केलं माहीत आहे? कुणी ऐकू नये म्हणून घाईघाईनं मला बंद केलं. तेव्हापासून मी त्याचा चेहरा आरशात येऊ नये अशी इच्छा करत आलो.

बाराव्या दिवशी कागदपत्रं झाली. मला इथवर आणायला कडूबालाच यावं लागलं, कारण माझा तिसरा गियर दुसऱ्या कुणाला लागत नव्हता. मागून बद्रीनाथ त्याला परत न्यायला नवा ट्रक घेऊन आला. वाटेभर मी एकदाही खोकलो नाही. फाटकाचा चढ मी पहिल्या दमात चढलो. आवारातला भंगारवाला आणि त्याची दोन माणसं बघतच राहिली.

भंगारवाल्यानं माझ्या नाकावर थाप मारली. "अरे उस्ताद, ये तो एकदम चालू हय! इसकू काटने कू कायकू लाए? क्या बीमारी हय इसकू?"

कडूबा किल्ली हातात घेऊन उभा होता. बद्रीनाथ पाठीमागेच होता. मला वाटलं, आता पुन्हा माझं वय निघणार.

"बीमारी गाडीला नाय," कडूबा म्हणाला. "मला हाय. टाकी मी खोलली, हवा काढायची माझ्याकडून राह्यली, आन् चार लोकांत नाव हिचं घेतलं." मग तो बद्रीनाथकडे वळला. "तू इचारलं व्हतं. मी तुझ्यावरच खेकसलो. मालकाला फोन लाव."

बद्रीनाथनं फोन लावून दिला. कडूबानं तात्यासाहेबांना सगळं सांगितलं, रडत रडत, पण एक शब्द न गाळता. पलीकडून आवाज एवढा मोठा आला की मलाही ऐकू आला. "अरे गाढवा, हे दसऱ्याला बोलायला काय झालं व्हतं? आता कागद गेले, नंबर रद्द झाला. रस्त्यावर कशी आणणार तिला?"

कडूबानं माझ्या दारावरच्या मोरावर हात ठेवला. मी त्याला माफ केलं असं तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल, आणि खोटं आमच्यात एकदा बोलून झालंय. राग अजून आहे. फक्त आता त्याच्याकडे बघवणार नाही, इतका तो उरला नाही. जाताना बद्रीनाथनं नव्या ट्रकचा हॉर्न दोनदा वाजवला.

उद्या सकाळी गॅसकटर घेऊन माणसं येतील. मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी काळजी कुणी कमी घेतली नव्हती. मी एवढंच मागतो की तुमच्या हातून काही बिघडलं, तर ते मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. लोक बघत असले तरी, हसणार असले तरी, लगेच सांगा. कडूबाला ते सांगायला बारा दिवस लागले. मला दहा मिनिटं पुरली असती.